नॅडीनला फेलोशिप मिळाली

आमच्या भूशास्त्र विभागात कुणाला बाहेरची फेलोशिप मिळाली की केक आणायचा तो मिळालेल्यानं नाही, रांगेत ज्याचं नाव पहिलं आहे त्यानं. ही रीत कुणी पाडली कोण जाणे, पण तिच्यामागचं गणित सरळ आहे. फेलोशिप मिळालेला माणूस आपली शिकवणीची जागा सोडतो आणि ती रांगेतल्या पहिल्याला मिळते. मग खरा फायदा कुणाचा झाला? ज्याचा झाला त्यानं खर्च करावा.

पीएचडी करणाऱ्यानं जगायचे आमच्याकडे तीन मार्ग आहेत. एक, पहिल्या वर्षाच्या पोरांना प्रयोगशाळेत दगड ओळखायला शिकवायचं. ही शिकवणीची जागा. पगार बेताचा, पण फी माफ. दुसरा, गाईडच्या ग्रँटमधून पगार घ्यायचा आणि गाईड सांगेल तिथं खणायचं. तिसरा म्हणजे फेलोशिप. त्यात कुणाला शिकवायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही, आपला अभ्यास आपण करायचा. पाच वर्षं यातलं काहीतरी एक मिळेल असा शब्द विभाग देतो. पाच वर्षं संपली की शब्दही संपतो आणि माणूस रांगेत उभा राहतो.

माझी पाच वर्षं त्या मे महिन्यात संपत होती. प्रबंध संपत नव्हता. अजून एक वर्ष हवं होतं, आणि तेही शिकवणीची जागा मिळाली तरच, कारण फी भरायची माझी ऐपत नाही आणि फी भरली नाही तर विद्यापीठ नाव काढून टाकतं. गाईडच्या ग्रँटवर काढावं म्हटलं तर माझे गाईड निवृत्त होऊन ॲरिझोनाला गेले होते आणि तिथून मला निवडुंगाचे फोटो पाठवत होते. माझा विषय म्हणजे सरोवरांच्या तळाचा गाळ. तो लांब नळ्यांत भरून आणायचा, थंड खोलीत ठेवायचा आणि त्याचे थर एकेक करून वाचायचे. माझी आई याला चिखल मोजणं म्हणते. ती चाळीस वर्षं शाळेची बस चालवत होती, त्यामुळे दिवसाअखेर काहीतरी कुठंतरी पोचलं पाहिजे असं तिला वाटतं.

तर एप्रिलमधल्या एका सोमवारी नॅडीन ऑस्ट्रेमला फेलोशिप मिळाल्याचं कळलं. साधीसुधी नव्हे, देशभरातून मोजक्यांना मिळते ती. आमच्या विभागाला ती बारा वर्षांनी मिळत होती. नॅडीन माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मागे, शेजारच्याच टेबलावर बसायची. आम्ही एकमेकींच्या चुका काढत, एकमेकींचे मोजे वापरत तीन हिवाळे काढले होते. मी तिला मिठी मारली, आणि खरं सांगायचं तर त्या मिठीतला निम्मा आनंद माझा स्वतःचा होता. रांगेत पहिलं नाव माझं होतं.

मी आईला फोन केला.

"आई, जागा मिळाली."

"म्हणजे अजून एक वर्ष चिखल?"

"शेवटचं."

"मागच्या वर्षी पण शेवटचंच होतं."

पण आवाजावरून ती खूश झालेली कळत होती. संध्याकाळपर्यंत तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलंही असणार. मी घरमालकाला आणखी एक वर्ष राहते म्हणून कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातला सगळ्यात मोठा केक उचलला. बाहेर अजून बर्फ होतं. पार्किंगमधून तो केक सांभाळत आणताना मी दोनदा घसरले, पण केकला धक्का लागू दिला नाही.

कॉफीच्या खोलीत सगळा विभाग जमला होता. हार्लन बीचम बोलायला उभे राहिले. आम्हा पीएचडीवाल्यांचं सगळं तेच पाहतात. कुणाला काय द्यायचं ते त्यांच्या हातात. माणूस वाईट नाही, पण एकदा बोलायला लागले की हिमयुगापासून सुरुवात करतात. नॅडीनचा फोटो जिन्याजवळच्या भिंतीवर लागणार, असं त्यांनी जाहीर केलं. नॅडीनच्या गाईड ऑटिली क्रान्झ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या सहसा हसत नाहीत, पण त्या दिवशी हसल्या. नॅडीनचा उन्हाळ्याचा पगार त्यांच्या ग्रँटमधून जायचा, तो आता वाचणार होता.

मग नॅडीनचा नवरा रसेल आला. दाढीत लाकडाचा भुसा तसाच. तो गावाबाहेरच्या एका छोट्या कारखान्यात लाकडी होड्या बनवतो. कारखाना म्हणजे मालक, रसेल आणि एक म्हातारा कुत्रा.

"बायको हुशार निघाली," तो म्हणाला. "मी नुसता गोड खायला आलोय."

त्यानं केकचा तुकडा घेतला, शर्ट वर केला आणि सगळ्यांसमोर पोटात इन्सुलिनची सुई टोचली. नऊ वर्षांचा असल्यापासून त्याला मधुमेह आहे, त्याला त्यात काही वाटत नाही. नवा आलेला एक पोरगा मात्र पांढराफटक पडला.

"घाबरू नकोस रे," रसेल म्हणाला. "लोक जेवणाआधी प्रार्थना करतात ना, तसं हे माझं."

सगळे हसले. रसेलला तेवढंच पुरतं. तो रंगात आला. "लग्नाआधी माझ्याकडे आरोग्यविमा नव्हता. औषध खिशाला परवडायचं नाही, म्हणून मी ते पुरवून पुरवून वापरायचो. अर्धाच डोस घ्यायचा आणि जेवायला कोबी. सकाळी कोबी, संध्याकाळी कोबी. एकदा होडी तासता तासता तिच्यातच आडवा झालो. मालक म्हणतो, झोपायचंय तर घरी जाऊन झोप! अर्ध्या तासानं त्याला कळलं की हा झोपलेला नाही."

"पुरे हं," नॅडीन म्हणाली.

"मग ही भेटली. प्रेमबीम ठीक आहे, पण खरं सांगू? मी हिच्या विम्याशी लग्न केलंय."

नॅडीननं त्याच्या डोक्यावर कागदी प्लेट मारली. खोली हसून हसून लोळली. मीही हसले. आणि हसता हसताच मी केकचा घास परत प्लेटमध्ये ठेवला.

अन्सेल्मो आठवला. आमच्याच विभागात होता, चिलीचा. त्याला त्याच्या सरकारची शिष्यवृत्ती होती. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा माझ्या गाडीतून आम्ही हॉस्पिटलात गेलो होतो. तिथं खिडकीवरच्या बाईनं सांगितलं की विमा फक्त त्याच्या एकट्याचा आहे, बायकोचा नाही. त्याला ते खरंच वाटेना. शिकवणीची जागा ही विद्यापीठाची नोकरी असते, आणि नोकरीवाल्याच्या विम्यात बायको, नवरा, पोरं सगळी बसतात. शिष्यवृत्ती काय नि फेलोशिप काय, ती नोकरी नव्हे, बक्षीस. बक्षीस घेणाऱ्याचा विमा त्याच्यापुरता. अन्सेल्मो पुढच्या सत्रात घरी परत गेला. तो परदेशी होता म्हणून सगळ्यांनी हे त्याचं काहीतरी परदेशी प्रकरण आहे असं समजून सोडून दिलं.

मी खोलीभर नजर फिरवली. बीचम दुसरा तुकडा कापत होते. क्रान्झ घड्याळ बघत होत्या. नॅडीन रसेलच्या दाढीतला भुसा काढत होती. कुणाच्याही डोक्यात हे आलेलं नव्हतं. फेलोशिप मिळाल्यानं कुणाचं नुकसान होईल, हा विचारच आमच्या लोकांना येत नाही.

होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता.

बुधवारी सकाळी मी विद्यापीठाच्या विम्याच्या ऑफिसला फोन केला, नाव न सांगता. मनात म्हणत होते, मधल्या काळात नियम बदलला असेल. फोनवरच्या माणसानं कंटाळलेल्या आवाजात सांगितलं की नियम तोच आहे. शिकवणीची जागा सुटली की जोडीदाराचा विमा ऑगस्टअखेर बंद.

मी थंड खोलीत जाऊन बसले. तिथं जाड जाकीट घालूनच बसावं लागतं, पण कुणी येत नाही. समोर माझे गाळाचे नळे फळीवर ओळीनं पडलेले. मी मनाशी सगळे युक्तिवाद करून पाहिले. नॅडीन मोठी आहे. तिला वाचता येतं. होकार देण्याआधी ती चौकशी करेलच. नाही केली तर ऑगस्टमध्ये कळेल आणि काढतील ते काहीतरी मार्ग. तोपर्यंत माझं नाव यादीत पक्कं झालेलं असेल. हे शेवटचं मनात आलं तेव्हा मला माझाच राग आला.

दुपारी मी पुन्हा आईला फोन केला. कुणीतरी मला गप्प बस म्हणावं अशी माझी इच्छा होती, आणि त्या कामाला आईइतकं दुसरं कुणी योग्य नाही.

"तुला कुणी विचारलंय का?" ती म्हणाली.

"नाही."

"मग? घोड्याएवढी झालीत ती दोघं. कागद वाचता येतात त्यांना."

"आनंदाचे कागद कुणी वाचत नाही गं."

"तू सांगितलंस आणि तिनं नाही म्हटलं, तर तुझं काय?"

"माझी जागा गेली."

"आणि चिखल?"

"तोही गेला."

"तुझा बाप पण असाच होता."

"असाच म्हणजे?"

"म्हणजे मूर्ख," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

गुरुवारी नॅडीन तळघरात दगड कापत होती. करवत थांबेपर्यंत मी दारात उभी राहिले. तिनं चष्मा कपाळावर चढवला. तोंडावर सगळी दगडाची धूळ.

"होकार कळवलास?" मी विचारलं.

"संध्याकाळी कळवते. रसेलला सोबत बसायचंय. म्हणे बटण तो दाबणार."

"त्याआधी विम्याचं बघ."

"कसल्या विम्याचं?"

मी सांगितलं. अन्सेल्मोचं सांगितलं, फोनचंही सांगितलं. मला वाटलं होतं ती घाबरेल. ती घाबरली नाही. तिचा चेहरा हळूहळू आक्रसत गेला आणि मला कळेना हे काय चाललंय.

"तू विम्याच्या ऑफिसला फोन केलास," ती म्हणाली. "माझ्या."

"नाव सांगितलं नाही तुझं."

"लोर्ना, तुला दुसऱ्या वर्षी हीच फेलोशिप मिळाली नव्हती. मला माहीत आहे ते."

"त्याचा इथं काय संबंध?"

"तूच सांग काय संबंध. अख्खा विभाग खूश आहे, एकटीच्या पोटात दुखतंय ते तुझ्या."

"अगं बाई, तू होकार दिलास तर जागा मला मिळणार आहे! माझ्या पोटात दुखायला मला काय वेड लागलंय?"

"मग तुला हवंय तरी काय?"

मला जागा हवी होती. "फोन करून विचार," मी म्हटलं. "माझं ऐकू नकोस. त्यांना विचार."

तिनं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि करवत सुरू केली. मी वर आले. राग तर आलाच होता. आईचं ऐकायला हवं होतं, असंही वाटलं.

शुक्रवारी सकाळी बीचमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. तिथं नॅडीन आणि क्रान्झ आधीच बसल्या होत्या. नॅडीनचे डोळे सुजलेले. तिनं फोन केला होता.

"हे तू आधी मला येऊन सांगायला हवं होतंस," बीचम मला म्हणाले.

"का? तुम्ही काय केलं असतं?"

ते टेबलावरचे कागद सारखे करू लागले. "इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी काढलाच नाही."

"अन्सेल्मोनं काढला होता, हार्लन. हॉस्पिटलच्या खिडकीवर."

क्रान्झनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग सगळ्यांनी मिळून मार्ग शोधायला सुरुवात केली, आणि एकेक मार्ग बंद होत गेला. मी म्हटलं, शिकवणीची जागा अर्धी अर्धी करा. एक तास ती शिकवेल, एक मी. ती नोकरीतही राहील आणि विमाही राहील. बीचम म्हणाले, डीनच्या ऑफिसात अर्धी जागा नावाचा प्रकारच नाही. मग क्रान्झ म्हणाल्या, मी ग्रँटमधून तिला छोटीशी नोकरी देते, वाचलेले पैसे आहेतच. मला त्यांचं नवल वाटलं. पण त्याच पुढं म्हणाल्या, "नाही, चालणार नाही. फेलोशिपवाल्यानं दुसरी नोकरी करायची नाही असं त्यांचं कलम आहे. आपण पूर्ण वेळ अभ्यास करावा म्हणून."

"बाहेरून विमा विकत घेतला तर?" बीचम.

"रात्री आम्ही दोघं तेच बघत बसलो होतो," नॅडीन म्हणाली. "हप्ता भरला तर भाडं जातं. आणि त्याचं जे यंत्र आहे दंडावरचं, साखर दाखवणारं, ते त्यात धरतच नाहीत."

"मग रसेलनं जर एखादी नोकरी, म्हणजे, अशी की जिच्यात..."

"केली होती, हार्लन. लग्नाच्या आधी. गोदामात, रात्रपाळी. महिन्याभरात रुग्णवाहिकेतून हॉस्पिटलात गेला. विमा मिळायला तीन महिने भरावे लागतात तिथं."

बीचम खुर्चीत मागं टेकले. त्यांच्या टेबलावर नॅडीनचा फोटो चौकटीत घालून तयार होता. आम्ही चौघंही त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

"अशी फेलोशिप नाकारल्यावर पुन्हा मिळत नाही," ते अखेर म्हणाले. "जन्मभर तुझ्या नावापुढं लागली असती. पुढच्या नोकऱ्या, सगळं. नीट विचार कर."

"केला," नॅडीन म्हणाली.

तिनं दुपारी नकार कळवला. शिकवणीची जागा तिच्याकडेच राहिली. मी रांगेत पहिली होते ती पहिलीच राहिले.

कॉफीच्या खोलीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. एवढी फेलोशिप हातची घालवली म्हणून लोक हळहळले. नवऱ्यापायी करिअरवर पाणी सोडलं म्हणून काहींनी नाकं मुरडली. एकानं तर माझ्यासमोरच म्हटलं की तिचे कुणीतरी कान भरले असणार. मी माझा कप धुतला आणि निघून आले. तिथं थांबले असते तर काहीतरी बोलून बसले असते.

बीचम मला जिन्यात भेटले. "तुझं नाव अजून पहिलंच आहे," ते म्हणाले. "अजून कुणाचं काही चांगलं झालं तर..."

"तर मी केक आणीन," मी म्हटलं. ते ओशाळले. मलाही नंतर वाईट वाटलं, कारण त्यांना खरंच काही करता येत नव्हतं. पण कुणाचं काही झालं नाही. बाकीच्यांचे निकाल आले आणि सगळ्यांना नकार होता. नाव काढून टाकू नये म्हणून मेच्या मध्यावर मला रजेचा अर्ज करावा लागला. रजेवरच्या विद्यार्थ्याला विभागात टेबल नसतं, थंड खोलीत जागा नसते. मी माझे नळे कुठं हलवायचे या विचारात असताना क्रान्झ आल्या. त्या माझ्या गाईड नव्हेत, पाच वर्षांत आम्ही जेमतेम दहा वाक्यं बोललो असू.

"ते राहू देत," त्या म्हणाल्या. "माझ्या नावावर लिहून ठेवते. वीज विद्यापीठाची आहे, माझं काय जातंय." आणि मी आभार मानायच्या आत निघून गेल्या.

नॅडीन या सगळ्या दिवसांत माझ्याशी कामापुरतं बोलायची. आभार मानायला आली नाही. सुरुवातीला मला ते बरं वाटलं, कारण आभारांना काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नसतं. मग वाईट वाटायला लागलं. मी टेबल आवरलं त्या दिवशी ती आलीच नव्हती. शेजारची रिकामी खुर्ची बघून मला रडू आलं, आणि एवढं करून मीच का रडतेय म्हणून स्वतःवरच चिडले.

दोन दिवसांनी तिचा निरोप आला. रविवारी जेवायला ये. रसेलनं मासे पकडलेत.

त्यांचं घर म्हणजे गॅरेजवरच्या दोन खोल्या. खिडकीतून सरोवराचा एक तुकडा दिसतो आणि भाडं त्या तुकड्याचं घेतात. रसेलनं मासे लोण्यात तळले होते, सोबत उकडलेले बटाटे. गोड म्हणून नॅडीननं सफरचंदाचा पाय भाजला होता. कडा जळल्या होत्या. आम्ही हवेवर बोललो, बर्फ वितळून रस्त्याला पडलेल्या खड्ड्यांवर बोललो, मालकाच्या कुत्र्यावर बोललो. तिघांनाही ते विषय पुरेनात.

रसेलनंच काटा खाली ठेवला. "तुला माहीत होतं?"

"काय?"

"हिनं नाही म्हटलं तर तू बाहेर, हे."

"रांगेत मी उभी होते, रसेल. मला नाही माहीत तर कुणाला?"

"आणि तरी सांगितलंस."

"हो."

"का?"

मी माशातला काटा काढत बसले. मोठं काही बोलायची मला लाज वाटत होती. "तू त्या दिवशी कोबीची गोष्ट सांगत होतास," मी म्हटलं. "सगळे हसत होते. मीही हसले, चांगली सांगतोस तू. आणि मग वाटलं, पुढच्या वर्षी हा ही गोष्ट सांगायला असेलच असं नाही. बस. दुसरं काही नव्हतं."

नॅडीन उठून ओट्यापाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. "मी तुला काय काय बोलले त्या दिवशी," ती म्हणाली.

"बोललीस."

"तुला राग आला असेल."

"आला होता. अजून थोडा आहे."

ती रडता रडता हसली. मग पायचा भलामोठा तुकडा कापून तिनं माझ्यासमोर ठेवला. "खा. जळलेली बाजू तुला मुद्दाम दिलीय."

मला बरं वाटलं. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं, आणि मी तो तुकडा जळलेल्या कडेसकट खाल्ला.

"मग आता काय करणार तू?" रसेलनं विचारलं.

"पलीकडच्या काठावर कम्युनिटी कॉलेज आहे ना, तिथं तीन वर्ग मिळालेत. सप्टेंबरपासून. पोरांना दगड दाखवायचे. प्रबंध लिहायचा जमेल तसा, सुट्टीच्या दिवशी."

"तीन वर्ग म्हणजे पुष्कळ झाले."

"तीनच देतात. चौथा दिला तर पूर्ण वेळची नोकरी धरावी लागते त्यांना."

रसेल माझ्याकडे बघत राहिला. हे असलं गणित त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे विमा नाही त्यात," तो म्हणाला.

"नाही."

नॅडीनच्या हातातली सुरी थांबली.

"मग आजारी पडू नकोस," रसेल म्हणाला. आजारपणावर गंमत न करता बोललेलं त्याचं हे पहिलंच वाक्य मी ऐकलं.